पायाला लागलेलं पाणी

१९८४ च्या जूनमध्ये माझी पेठ तालुक्यात बदली झाली. दवाखाना श्रेणी-२ चा. म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, जनावर अडकवायला बाहेर खोडा, शेण तपासायला एक जुना मायक्रोस्कोप आणि मी, पशुधन पर्यवेक्षक. लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी पदवीवाला नाही, पदविकेवाला आहे, हे पहिले सहा महिने सांगून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये भाताची निंदणी चालू असताना एक मावशी ओट्यावर येऊन बसल्या. बरोबर बैल नव्हता, शेळी नव्हती. लुगडं नडगीवर जरा सरकवून म्हणाल्या, "डॉक्टर, पायाला पाणी लागलंय. बैलाला लावता तसलं काही आहे का?"

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्याच. चिखलात उभं राहणाऱ्या कुणालाही त्या चुकत नाहीत. पण नडगीवर, पाणी जिथवर पोचतं बरोबर त्या रेषेपर्यंत, बारीक लाल पुळ्या उठल्या होत्या आणि खाजवून खाजवून काहींची टोकं गेली होती. चिखल्या बेचक्यात होतात, नडगीवर नाहीत. मी जवळचं मलम दिलं आणि बराच वेळ त्या पुळ्यांचाच विचार करत बसलो, कारण तसल्याच पुळ्या घेऊन मी लहानपणी शाळेत जायचो.

माझं गाव निफाड तालुक्यातलं, नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्याला लागून. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा घातला. कालवे नगर जिल्ह्याकडे गेले आणि मागे उथळ पाणी पसरून राहिलं. गाळ साचला, पाणगवत माजलं आणि थंडीत आभाळातून पाखरं उतरू लागली. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक; शिवाय बाराही महिने हळदी-कुंकू, वारकरी आणि जांभळ्या पाणकोंबड्या. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, १९८६ साली ती अभयारण्य झाली आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. आम्हा पोरांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही म्हशी काढायला पाण्यात शिरायचो आणि संध्याकाळी चुलीजवळ नडग्या खाजवत बसायचो. आजी ओरडायची, "बदकं हगतात त्या पाण्यात कशाला मरायला जाता?"

आजीचं निदान शास्त्राला धरून होतं, हे मला फार पुढे कळलं. पेठला मात्र ते लागू पडेना. पेठच्या खाचरात ऑगस्टमध्ये बदकं कुठली? ती येतात दिवाळीच्या आगेमागे, तेव्हा खाचर सुकलेलं असतं आणि भात खळ्यावर. मग ही खाज कुणाची?

या प्रश्नापायी नोकरीतले रिकामे दिवस गेले आणि निवृत्तीनंतरचे तर सगळेच जातायत. आमच्या घरात ह्याला 'गोगलगायींचं खूळ' म्हणतात.

आधी पेठबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ह्या गोष्टीत पाण्याची दिशा महत्त्वाची आहे. नाशिकला पंचवटीतल्या पेठ नाक्यावरून एसटी निघते ती सावळघाट चढते, करंजाळी मागे टाकते आणि कोटंबीच्या घाटातून पेठला उतरते. ह्या प्रवासात कुठेतरी, पाटी न लावलेल्या एका जागी, सह्याद्रीची धार लागते. अलीकडचं पाणी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातं. पलीकडचं दमणगंगेला मिळतं आणि १३१ किलोमीटर जाऊन दमणला अरबी समुद्रात पडतं. पाऊस निफाडच्या तीन-चार पट. इथे पूर्वी छोटं संस्थान होतं. शेवटची बेगम वारल्यावर १८७८ साली ते खालसा झालं. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई, खालच्या खाचरांत भात. आवणी, म्हणजे भाताची लावणी, हा शब्दसुद्धा मी इथे आल्यावर शिकलो. आमच्याकडे कांदा लावतात, द्राक्षं लावतात, आवणी कुणी करत नाही.

आता खाज आणणाऱ्या प्राण्याकडे येतो. त्याचा एक चुलतभाऊ मला पेठमध्ये पहिल्याच महिन्यात भेटला होता. एका मेलेल्या शेळीचं काळीज कापलं तर पित्ताच्या नळ्यांतून तपकिरी, ओलसर पानं बाहेर आली. कापणारा सहज म्हणाला, "पानं पडलीत हिला." पुस्तकातही त्याला पर्णकृमीच म्हणतात. इटलीच्या रेडीने ह्या पानाचं चित्र १६६८ साली छापलं. डेन्मार्कच्या म्युलरने १७७३ मध्ये पाण्यातल्या एका शेपटीवाल्या सूक्ष्म जिवाला सर्केरिया असं नाव दिलं आणि तो स्वतंत्र प्राणी धरला. काळजातलं पान आणि डबक्यातली शेपटी ही एकाच आयुष्याची दोन वयं आहेत, हे जुळायला आणखी शंभर वर्षं गेली. १८४२ साली स्टीनस्ट्रप ह्या दुसऱ्या डॅनिश माणसाने पिढीआड रूप बदलणाऱ्या प्राण्यांची कल्पना मांडली. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत लायपझिगच्या लॉयकार्टने आणि ऑक्सफर्डच्या थॉमसने, एकमेकांपासून वेगळं काम करून, मधली गोगलगाय पकडली. थॉमसला ह्या कामाला लावलं ते इंग्लंडातल्या मेंढ्यांनी. तिथे सलग ओले हंगाम येऊन लाखो मेंढ्या मेल्या होत्या. जनावर मेल्याशिवाय जनावराच्या रोगाला पैसा सुटत नाही, हा नियम तिथेही होता.

खाज आणणारा कृमी ह्याच कुळातला, पण त्याने पित्ताची नळी सोडून रक्ताची शीर धरली. हा रक्तकृमी पानासारखा नसतो, लांबट असतो. बहुतेक चपटे कृमी एकाच अंगात नर-मादी दोन्ही असतात. ह्यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी. आपल्या गुरांतल्या जातींत नर अंगाची खोळ करून मादीला आत धरून ठेवतो आणि जोडी शिरेत राहते. अंडी शेणातून, विष्ठेतून किंवा नाकाच्या शेंबडातून पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेल्या पिलाला काही तासांत गोगलगाय गाठावी लागते. तिच्या पोटात एकाचे हजारो होतात आणि महिनाभराने कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी घेऊन पाण्यात बाहेर पडतात. ही अळी तोंडाने खाल्ली जाण्याची वाट बघत नाही. कातडीच फोडते, शेपटी बाहेर टाकते आणि आत शिरते.

तिला हवं असतं बदक किंवा बैल. मिळतो माणसाचा पाय. ती फसते, कातडीतच मरते, आणि शरीर तिच्या मढ्यावर जो गोंधळ घालतं ती खाज. गंमत अशी की पहिल्या खेपेला फारसं काही होत नाही. शरीर ओळख ठेवतं आणि पुढच्या वेळी चवताळतं. माझ्याबरोबर विदर्भातून आलेला एक सहकारी पहिल्या पावसाळ्यात माझ्या पायांना हसायचा. दुसऱ्या पावसाळ्यात तो हसला नाही.

ह्या सगळ्यात एक अट फार कडक आहे. बदक बदलून चालतं, एका जातीऐवजी दुसरं चालतं. गोगलगाय मात्र ठरलेलीच लागते. भलत्या शंखात शिरलेलं पिलू तिथेच संपतं. माझं म्हणणं जे काही आहे ते ह्या अटीवर उभं आहे.

ही अट आपल्या मुलखापुरती पहिल्यांदा तपासली गेली ती मुंबईत परळला, आणि त्याला कारण घडलं महायुद्ध. इजिप्तमध्ये लघवीवाटे रक्त जाण्याचा जुना रोग आहे. त्याचा कृमी थिओडोर बिल्हार्झने १८५१ साली कैरोत शवविच्छेदन करताना शिरेत पाहिला. गोगलगायीचा दुवा मियाइरी आणि सुझुकी ह्यांनी १९१३ मध्ये जपानात दाखवला, लीपरने १९१५ मध्ये इजिप्तमध्ये. नेमक्या त्याच वेळी हिंदी पलटणी त्या भागात लढत होत्या. हे शिपाई रोग घेऊन परत आले तर इथल्या विहिरी-तळ्यांतल्या गोगलगायी त्याला थारा देतील का, अशी धास्ती निर्माण झाली. परळच्या बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे १९२५ पासून जिला आपण हाफकिन संस्था म्हणतो तिथे, ग्लेन लिस्टन आणि एम. बी. सोपारकर ह्यांनी गोगलगायी तपासायला घेतल्या. त्यांना मिळाला माणसाचा नव्हे, गुरांचा रक्तकृमी. त्याची ओळख माँटगोमेरीने १९०६ सालीच करून दिली होती. अंडं लांबोडं, दोन्हीकडे निमुळतं, सूत कातायच्या चातीसारखं, म्हणून नावातही चातीच आहे: शिस्टोसोमा स्पिंडाले. लिस्टन आणि सोपारकरांनी १९१८ मध्ये त्याचं सगळं जीवनचक्र मांडलं. मधली गोगलगाय कोणती? जिलेबीसारखी एकाच पातळीत गुंडाळलेली, तपकिरी, आपल्याकडच्या कुठल्याही डबक्यात सापडणारी. आज तिला इंडोप्लॅनॉर्बिस म्हणतात.

प्रशिक्षणासाठी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो होतो तेव्हा तिथल्या ग्रंथालयात हा लेख पहिल्यांदा हाताला लागला. पदविकेच्या परीक्षेला मी लॉयकार्ट पाठ केला होता. सोपारकरांचं नाव मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते काम झालं होतं मी बसलो होतो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९२२ साली सीमोर स्यूअलने गोड्या पाण्यातल्या अशा भारतीय अळ्यांचा 'सर्केरिए इंडिके' हा जाडजूड ग्रंथ काढला. १९३५ मध्ये जी. डी. भालेराव ह्यांनी पाळीव जनावरांतल्या कृमींची देशभराची जंत्री केली. गुरांचं बरंच कळलं. खाजेचं नाव कुणी काढलं नव्हतं.

ते काढलं अमेरिकेत विल्यम कॉर्टने. मिशिगनमधल्या डग्लस तळ्यावर गोगलगायी हाताळताना त्याच्याच मनगटाला खाज सुटली, आणि हा माणूस मलम लावून गप्प बसला नाही. १९२८ मध्ये त्याने छापलं की पोहणाऱ्यांना होणारी ही पुरळ रक्तकृमींच्या अळ्यांची आहे. पुढे त्या अळ्या पाणपक्ष्यांच्या निघाल्या. दोन वर्षांत वेल्समधल्या कार्डिफच्या एका बागेतल्या तळ्यातही तेच सापडलं. माझ्या आजीला इथे शंभर गुण.

जपानची गोष्ट पेठला जास्त जवळची आहे. शिमाने प्रांतात शिंजी नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठच्या भातशेतीत राबणाऱ्यांना एक खाज व्हायची, तिला ते लोक सरोवरकाठचा रोग म्हणत. तनाबे ह्या संशोधकाने १९४८ साली त्यातला कृमी ओळखला. तो बदकाचा नव्हता. तो करड्या मैनेचा निघाला, म्हणजे आपल्या साळुंकीच्या आणि भोरडीच्या जातकुळीतल्या पाखराचा. हे वाचलं त्या दिवशी मी दवाखान्यासमोरच्या आंब्यावरच्या साळुंक्यांकडे संशयाने बघितलं, हे कबूल करतो.

आणि समुद्र? अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर ओहोटीला शिंपले खणणारे लोक अशाच पुळ्यांनी हैराण व्हायचे. स्टंकार्ड आणि हिंचलिफ ह्यांनी १९५२ च्या सुमारास त्या अळ्यांचा माग कुरवांपर्यंत आणि समुद्री बदकांपर्यंत लावला. मधली गोगलगाय खाऱ्या चिखलातली. ही एक कडेची गोष्ट वाटत होती. पण जनुकं वाचायला लागल्यावर तीच मुळाची ठरली. २००४ साली स्नायडर ह्या अमेरिकी अभ्यासकाने ह्या कुळाची वंशावळ जनुकांवरून लावली. पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या रक्तकृमींचे सर्वांत जवळचे नातलग निघाले समुद्री कासवांच्या रक्तातले कृमी. आणि त्यांच्यातली सर्वांत जुनी फांदी निघाली किनाऱ्यावरच्या पाखरांची, खाऱ्या पाण्यातल्या गोगलगायींची. गोड्या पाण्यातली बदकं नंतर. बैल, रेडे आणि माणसं ही तर वेगळी, आणखी अलीकडची फांदी. त्यातही गुरा-माणसांचे रक्तकृमी मूळचे आशियातले, इथून आफ्रिकेत पोचले, असा जोरकस तर्क आहे.

म्हणजे हा प्राणी समुद्रातून वर चढला. मी नकाशावर दमणगंगेच्या मुखापासून वर बोट फिरवत आलो तेव्हा मला हे समजायला सोपं गेलं. अर्थात ही चढण लाखो वर्षांची आहे आणि दमणगंगा तिला साक्षी असेल असं नाही. शिक्षकाने फळ्यावर काढायची ती आकृती म्हणून घ्या. पण पाखरांची ये-जा खरीच आहे. आपल्या किनाऱ्यावर थंडीत दिसणारा तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळा लडाख-तिबेटातल्या उंच तळ्यांवर काढतो. इतक्या दूरच्या दोन पाण्यांना जोडणारा दुसरा कोण आहे?

इथवर ऐकून कुणीही म्हणेल, मग पाखरंच गुन्हेगार. मलाही तसंच वाटायचं, कॅलिफोर्नियाची हकिगत वाचेपर्यंत. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पाखरं कायमच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकांनी अटलांटिककडून कालवं आणून तिथे लावली. त्या कालवांबरोबर त्या किनाऱ्याची चिखलातली गोगलगाय आली आणि पन्नासच्या दशकात अलामेडाच्या किनाऱ्यावर डुंबणाऱ्यांना खाज सुटली. पुढे त्याच किनाऱ्यावर जपानकडची दुसरी एक गोगलगाय शिरली. २००५ पासून खाजेची नवी लाट आली, आणि ह्या खेपेचा रक्तकृमी त्या जपानी गोगलगायीतून निघाला. पाखरू बी टाकत हिंडतं, हजारो मैलांवर टाकतं, पण ते रुजतं गोगलगाय असेल तिथेच. आणि गोगलगाय नव्या जागी नेऊन बसवण्यात माणसाचा हात फार. जहाजं तिला नेतात. बंधारे तिच्यासाठी पाणी अडवतात. नांदूरमध्यमेश्वरचं उथळ पाणी पाखरांनी केलेलं नाही.

गोगलगाय सगळं कसं ठरवते ह्याचा महाराष्ट्रातला दाखला गुहागर तालुक्यातल्या गिमवीचा. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा ह्या डॉक्टरांनी जाहीर केलं की रत्नागिरी जिल्ह्यातल्या ह्या एका खेड्यात लोकांच्या लघवीतून रक्त जातं आणि त्यात माणसाच्या रक्तकृमीची अंडी आहेत. म्हणजे पहिल्या महायुद्धात सरकार ज्याला घाबरलं होतं ते अखेर सापडलं, पण लष्करी छावणीत नाही, कोकणातल्या एका वहाळाकाठी. लोक जिथे अंघोळ करायचे, धुणं धुवायचे तिथल्या दगडांना आणि पानांना एक इवलीशी गोगलगाय चिकटलेली असायची, फेरिसिया. तिला वेटोळं नाही, नुसती टोपी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. लोकांवर उपचार झाले. हाफकिन संस्थेच्या गायतोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे गिमवीची पुन्हा तपासणी करून १९८१ मध्ये ती छापली. एवढ्या मोठ्या देशात, इतक्या नद्या, इतकी तळी असताना तो रोग एका गावाबाहेर पाय पसरू शकला नाही. जिलेबीवाली गोगलगाय हिंदुस्थानभर आहे. तिने जर त्या कृमीला घरात घेतलं असतं तर माझी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात राहिली नसती, सगळेच माणसांच्या दवाखान्यात लागले असते.

आता पेठचं उत्तर. ते मला गिमवीबद्दल वाचण्याच्याही आधी मिळालं होतं, फक्त त्याचा अर्थ लागत नव्हता.

मावशींच्या खाचरातून मी गोगलगायी गोळा केल्या. बहुतेक जिलेबीवाल्या. रात्रभर दवाखान्यातल्या कोनाड्यात अंधारात ठेवल्या आणि सकाळी मुरंब्याच्या बाटल्यांत, एकेका बाटलीत एक, अशा उन्हात मांडल्या. कोवळं ऊन लागलं की अळ्या बाहेर पडतात, एवढं वाचलं होतं. पहिल्या तीन दिवसांत काही नाही. चौथ्या दिवशी एका बाटलीत पाणी किंचित धुरकट दिसलं. थेंब काचेवर घेतला. दुभंगलेल्या शेपट्या, वळवळ, आणि मी नकळत उठून उभा राहिलो. दवाखान्यात दाखवायला दुसरं कुणी नव्हतं. खोड्यात एक डांगी गोऱ्हा बांधलेला होता, त्याला सांगितलं.

त्या अळ्यांत एक गोष्ट नव्हती, आणि नसलेली गोष्ट टिपायची सवय मला तेव्हा नव्हती. जानेवारीत गावी गेलो तेव्हा फुगवट्यातून वेगळ्या गोगलगायी आणल्या, टोकदार, उजवीकडे तोंड असलेल्या, लिम्नेया जातीच्या. पिशवीभर आणल्या तेव्हा कुठे एकीतून दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या निघाल्या. ह्या अळ्यांना दोन काळे ठिपके होते. डोळे. बदकांच्या रक्तकृमींच्या अळ्यांना असे डोळे असतात, गुरांच्या रक्तकृमींच्या अळ्यांना नसतात. पेठच्या अळ्या आंधळ्या होत्या.

म्हणजे निफाडची खाज बदकांची आणि पेठची खाज बैलांची. मग बाकीचं आपोआप जुळलं. जूनमध्ये चिखलणीला बैल खाचरात उतरतात, शेण तिथेच टाकतात. अंडी पाण्यात, पिलं गोगलगायीत, महिनाभराचा मुक्काम. म्हणून आवणीला खाज नसते आणि निंदणीला असते. तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक बायका का होत्या, तेही उलगडलं. चिखलणी पुरुष करतात, बैलांमागे. निंदणी बायकांची. ज्याने पेरलं त्याच्या पायाला लागत नव्हतं. १९९४ मध्ये आसामच्या भातशेतीतली खाज अशाच रक्तकृमींच्या अळ्यांची असल्याचा अहवाल छापून आला तेव्हा माझ्या मुरंब्याच्या बाटल्यांना जरा धीर आला. त्याआधी मी माझं निरीक्षण दोन पानांत लिहून वरिष्ठांकडे पाठवलं होतं. माणसाच्या त्वचेचा विषय आपल्या खात्याचा नाही, असा शेरा मारून कागद परत आला. मी तो जपून ठेवलाय, कारण तांत्रिकदृष्ट्या शेरा बरोबर होता.

बैलांविषयी एक शब्द. पेठचा बैल म्हणजे डांगी. नाशिक, अकोले, डांग ह्या पावसाच्या मुलखात घडलेली जात. कातडी तेलकट, धो धो पावसात तासन्‌तास उभा राहील. पावसाला पुरून उरणारा हा बैल रक्तकृमीपुढे मात्र साधा. नाकातल्या शिरांत बसणारी एक वेगळी जात आहे, मद्रासकडे १९३३ साली वर्णिलेली. तिने नाकात गाठी होतात, श्वास अडतो आणि जनावर घोरतं. गोठ्यात रात्री घोरणारा बैल हा मालकाच्या कौतुकाचा विषय असायचा. "झोप बघा कशी लागते माझ्या राजाला." मी नाकातला शेंबूड काचेवर घेऊन त्याला बूमरँगसारखी वाकडी अंडी दाखवायचो. ॲन्थिओमॅलिनची इंजेक्शनं द्यायचो. काही मालक इंजेक्शनानंतर नाराज व्हायचे, बैल आता घोरत नाही म्हणून.

गोगलगायीच माराव्यात, हाही विचार केला. मोरचूद टाकलं की मरतात. पण मोरचूद टाकायचं कुठे, भातात? त्याच पाण्यात खेकडे असतात, मासे असतात, आणि पेठमध्ये पावसाळ्यातली भाजी बरीचशी तीच आहे. मी फक्त एवढं सांगत राहिलो की चिखलणीआधी बैलाला औषध पाजा. किती जणांनी पाजलं ते विचारू नका.

माझ्या औषधाने झालं नाही ते टिलरने केलं. नव्वदनंतर हळूहळू आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत झपाट्याने खाचरांतून बैल गेले. टिलर शेण टाकत नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मुद्दाम जाऊन आलो. त्याच शिवारात निंदणी करणाऱ्या पोरींना विचारलं, पायाला पाणी लागतं का? चिखल्या होतात, म्हणाल्या. नडगीला? नाही. एकीने उलट विचारलं, "आजोबा, नडगीला कशाने होईल?" तिच्या आजीला कदाचित मी १९८४ मध्ये मलम दिलं असेल.

निफाडला मात्र बदकं येतात तशी येतायत, फुगवट्यावर दुर्बिणी घेऊन लोकही येतात, आणि थंडीत मासेमारांच्या नडग्या मी अजून बघतो.

त्या ऑगस्टमध्ये येताना पेठच्या त्या खाचरातून काहीच आणलं नाही, पण ह्या मे महिन्यात परत गेलो होतो. जमीन भेगाळलेली, राब भाजून झालेला. एका भेगेत काठी घालून ढेकूळ उपटलं तर खाली मुठीएवढ्या कोरड्या गाळात जिलेबीच्या आकाराचे पाच शंख, तोंडं बंद करून बसलेले. खिशात टाकले आणि घरी आणून स्टीलच्या पेल्यात पाण्यात सोडले. रात्री झोपताना पाचही तळाशी. सकाळी तीन पेल्याच्या काठावर चढलेल्या, शिंगं बाहेर. त्यांना बघत होतो तर आतून आवाज आला, "त्या पेल्यात आता पुन्हा कुणी पाणी प्यायचं नाही, सांगून ठेवते."